आवाज वाढवायचं बटण

सोहार. रात्रीचे पावणेदोन.
खालच्या बंकवर शिहाब घोरतोय.
झोपण्याआधी म्हणाला, "भाई, करून टाक. दहा मिनिटांचं काम."
सूकात मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला
सगळीच कामं दहा मिनिटांची.

टॅबलेट सात वर्षांचा.
कंपनीनं त्याच्याशी बोलणं टाकलंय,
नवीन काही पाठवत नाही.
पैसे पाठवायचं ॲप परवापासून म्हणतंय,
तुमची आवृत्ती जुनी झाली.
मला म्हणतंय की त्याला,
क्षणभर कळलंच नाही.

शिहाबच्या लॅपटॉपात तयार आहे
कुणा अनोळखी पोरांनी फुकट बांधलेलं नवं अंतरंग.
कुठल्या कुठल्या देशांत जागून ती
सोडून दिलेल्या यंत्रांना
अजून दोन-तीन वर्षं मिळवून देतात.
कशासाठी, विचारलं तर शिहाब खांदे उडवतो.
"चांगलं चालतं. कॅमेरा थोडा रुसतो.
आणि कुलूप काढलेल्या यंत्राला
बँकेचं ॲप कधी कधी दारातूनच परत पाठवतं."
अरे, पण मी तर त्यासाठीच—
"बघू," म्हणाला.
हा शब्द त्यानं माझ्याकडूनच उचललाय.

मध्येच केबल हलली तर वीट.
त्यांच्यात वीटच म्हणतात त्याला.
ना चालू, ना बंद, नुसता चौकोन.
वीट मला आलेलाच आहे.
पण आलेला वीट वेगळा
आणि हातात उरलेली वीट वेगळी.
ती घेऊन घरी काय सांगणार?

पडद्यावर इशारा उभा राहिला:
कुलूप उघडलंत तर आतलं सगळं पुसलं जाईल.
हमी संपेल.
पुढं जे होईल त्याला तुम्ही जबाबदार.
'होय'साठी आवाज वाढवायचं बटण,
'नको'साठी बंद करायचं.

दोनदा वाचलं.
एकोणीस वर्षांपूर्वी डोंगरीतल्या एजंटच्या टेबलावर
पंख्याखाली फडफडणाऱ्या कागदांवर सह्या केल्या,
तेव्हा असला पडदा
कुणी समोर धरला नव्हता.

'नको' दाबून मागं आलो. म्हटलं,
काय काय पुसलं जाणार ते तरी बघू.
फोटो कार्डावर घेतलेत.
नाझनीनची शाळेतली भाषणं घेतली,
कपाटाच्या मापांचा कागद घेतला,
रईसाचे आवाज घेतले, भांडणाचेसुद्धा.

राहिला कीबोर्ड.
त्याचं काही कार्डावर येत नाही, शिहाब म्हणालेला.
सुरुवातीला हा 'आहे' सुचवायचा.
मी हट्टानं 'हाय' लिहीत राहिलो,
आमच्या बाणकोटच्या अंगणात बोलतात तसं.
दोनेक वर्षांनी कधीतरी हरला आणि शिकला.

लिहिलं: मी.
वर लगेच आलं: बरा.
मग: हाय.
मग: फिकीर. करू. नको.
मग: पैसे. गुरुवारी.
नुसता अंगठा टेकवत गेलो,
पाच वर्षांचे निरोप आपोआप लिहून झाले.
एवढ्यात एकदाही, चुकूनही,
दुसरं काही सुचलं नाही त्याला.
मी शिकवलंच नव्हतं.

कोपऱ्यात चार्जिंग एकोणसाठ.
साठ लागतात म्हणे, कमी नको.
चार्जरला लावला.
बाहेर कुणीतरी बादली ओढत नेतंय,
साडेतीनच्या बसवाले उठले असतील.

बसल्या बसल्या, कुणालाच न पाठवायचं म्हणून,
लिहिलं: मी कंटाळलो.
खाली लाल रेघ.
पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा.
शब्दाला शब्द म्हणून घेईना,
आणि मीही अडून बसलो.
चौथ्या की पाचव्या वेळी रेघ आली नाही.

"झालं?" शिहाबनं कुशीवर वळत विचारलं.
थांब, म्हटलं.

चौसष्ट टक्के.
लिहिलं: मी.
पहिला 'बरा', सवयीनं.
दुसरा 'पण'.
आणि तिसऱ्या जागी, कडेला,
अंग चोरून उभा राहिलेला
तो.

जुना आहे.
शिकतो मात्र अजून.